पगारपत्रकावरचा खेळ

हमरिया डायरी

मंडळी, फराळाचं ताट घेऊनच बसा, कारण यंदाचा विषय जरा लांबणार आहे.

हे सदर फ्री झोनच्या गेटच्या आतलं. पण यंदाचा प्रश्न गेटच्या बाहेरून, म्हणजे आपल्या घरांतून आला. वर्षभरात तीन वेगवेगळ्या आयांनी मला जवळजवळ त्याच शब्दांत विचारलं, "ताई, पोरगी व्हॉलीबॉल छान खेळते. शाळेच्या टीममध्ये आहे. आता अकरावी-बारावी आली. पुढे कॉलेजात खेळू द्यायचं, की आता पुरे म्हणायचं?" एकीचे यजमान इथे फॅब्रिकेशन यार्डात सुपरवायझर आहेत, दुसरीचे पोर्टवर, तिसरीचे फूड पॅकिंगमध्ये. प्रश्न तिघींचा एकच, आणि त्यामागची भीतीही एकच: अभ्यास बुडेल, पैसा जाईल, आणि हाती काय येईल?

हमरियात राहणाऱ्याला व्हॉलीबॉल वेगळा सांगावा लागत नाही. १९९५ साली हा फ्री झोन सुरू झाला तेव्हा इथे बंदर होतं, वाळू होती आणि वारा होता. आज स्टीलपासून अत्तरापर्यंत सगळं आहे. पण संध्याकाळी शिफ्ट सुटली की वाळूत दोन खांब, त्यांना बांधलेलं जाळं आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा जण हे दृश्य काही बदललेलं नाही. मल्याळी असतात, पंजाबी असतात, कधी आपली सांगली-कोल्हापूरकडची पोरंही घुसतात. केरळी मित्रांसमोर जिमी जॉर्जचं नाव काढा, त्यांचा चेहरा उजळतो. हा भारताचा थोर खेळाडू इटलीला जाण्याआधी १९७९ ते १९८२ अबू धाबी स्पोर्ट्स क्लबकडून खेळला. १९८७ मध्ये इटलीतच अपघातात गेला. त्याच्या नावाने अबू धाबीत आजही स्पर्धा भरते.

पण त्या वाळूत मुली दिसत नाहीत. नियमपुस्तक पाहिलं तर बायकांच्या आणि पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये डोळ्यात भरणारा फरक एवढाच: पुरुषांचं जाळं २.४३ मीटरवर, बायकांचं २.२४ मीटरवर. फक्त १९ सेंटिमीटर. मैदान तेच, १८ बाय ९ मीटर. मैदानाच्या बाहेर मात्र हा फरक सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही. यंदाचा विषय तोच.

आधी पगारपत्रक बघा

मी अकाउंट्समध्ये. महिनाअखेर आली की पगाराची फाईल माझ्या टेबलावर येते. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली आहे. कंपनी काय बोलते ते तिच्या माहितीपत्रकात असतं, कंपनीला खरोखर काय हवं आहे ते पगारपत्रकात असतं. 'आम्ही सुरक्षिततेला प्राधान्य देतो' असा फलक गेटवर असेल आणि सेफ्टी ऑफिसरची जागा सहा महिने रिकामी असेल, तर फलकावर विश्वास ठेवायचा नाही.

हीच रीत कॉलेजच्या टीमला लावा. कप किती आहेत हे नंतर बघू. आधी बघा, या टीमसाठी पगार कोणाकोणाला मिळतो.

बायकांच्या व्हॉलीबॉलचा इतिहास तरी दुसरं काय सांगतो? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक नेलं. त्या संघातल्या बहुतेक जणी एकाच कापड कंपनीच्या, निचिबोच्या, काईझुका गिरणीतल्या. दिवसा कंपनीचं काम आणि नंतर रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाईमात्सू हेही त्याच कंपनीचे नोकर. त्यांची शिस्त आजच्या डोळ्यांनी पाहिली तर अंगावर काटा येतो. पण हिशेब साफ होता: खेळाडूचा पगार, प्रशिक्षकाचा पगार, हॉल, जेवण, सगळं कंपनीच्या खात्यावर. आपल्यासारख्या कारखान्यांच्या वस्तीतल्या माणसांना हे चटकन समजेल.

आपल्याकडे ती जागा रेल्वेने घेतली. रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासूनचं. महिलांच्या राष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये वर्षानुवर्षं रेल्वे आणि केरळ ही दोनच नावं पुढे राहिली, त्यामागे हेच कारण आहे. रेल्वेत नोकरी आहे, केरळात कॉलेजांना जोडलेली क्रीडा वसतिगृहं आहेत. मराठी माणसाला पटेल असं उदाहरण हवं असेल तर ते नेमबाजीतलं आहे. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळवलं. पदक त्याच्या हाताचं, पण पदकापर्यंतची वर्षं पगाराच्या आधारावर निघाली.

अमेरिकेत हीच जागा विद्यापीठाने घेतली. म्हणून मुलींच्या कॉलेज व्हॉलीबॉलची गोष्ट निघाली की शेवटी अमेरिकेकडे बघावं लागतं. तिथलं सगळं अनुकरणीय आहे म्हणून नव्हे. तिथे माणसं, पैसा आणि अभ्यास या तीन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असतात आणि लिहिलेलं असेल तर विचारता येतं, म्हणून.

माणसं

आपल्या राज्यातल्या साध्या महाविद्यालयात खेळाचा माणूस एकच, शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे आपले 'पी.टी.चे सर'. कबड्डी त्यांची, क्रिकेट त्यांचं, बुद्धिबळही त्यांचंच. संघ निवडायचे, अर्ज भरायचे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मुलींना घेऊन एसटीने जायचं, शिवाय परीक्षेच्या पर्यवेक्षणाची ड्यूटी. अनुदानित महाविद्यालयांत ही पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत ही तक्रारही जुनीच. तरी हे सर किंवा मॅडम पदरमोड करून, ओळखीपाळखीतून टीम उभी करतात. त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण एका माणसावर उभी असलेली टीम त्या माणसाच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर बसते.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, व्यायामाचा तज्ज्ञ, दुखापती बघणारा तज्ज्ञ, प्रवासाचं बघणारा व्यवस्थापक आणि, हे नीट वाचा, अभ्यासाचं वेळापत्रक बघणारा सल्लागार असतो. हा शेवटचा माणूस मॅचच्या फोटोत दिसत नाही. पण आपल्या तीन आयांच्या भीतीवरचा उतारा तोच आहे.

यात एक उपकथा आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही, खेळातही नाही. मुलींच्या खेळात पैसा आला, प्रशिक्षकांना नीट पगार मिळू लागले. त्याआधी मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पगार वाढले तसे पुरुष आले, आणि बायकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. वरच्या गटातलं महिला व्हॉलीबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद १९८१ पासून सुरू आहे. ते जिंकणारी पहिली महिला मुख्य प्रशिक्षक २०२४ च्या डिसेंबरात मिळाली: पेन स्टेटच्या केटी शूमाकर-कॉली. त्या हंगामात त्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या आणि उपचार सुरू असतानाच संघाबरोबर उभ्या होत्या. अंतिम सामन्यात समोर लुईव्हिलचा संघ होता, त्याची प्रशिक्षकही बाईच, डॅनी बुसबूम केली.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: टीमबरोबर पगारावर किती माणसं आहेत, आणि त्यांत एक तरी बाई आहे का? सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पाळीच्या दिवसांत पोट दुखतंय, गुडघा सुजलाय, किंवा नुसतं घर आठवतंय, हे ती कोणाला सांगणार? उडी मारून उतरण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचे अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. फिजिओ नसलेल्या टीममध्ये त्याची किंमत ती मुलगी भरते, पुढची वीस वर्षं जिने चढताना.

पैसा

व्हॉलीबॉल स्वस्त खेळ, असं आपण म्हणतो. एक बॉल, एक जाळं. वाळूत खेळायचं असेल तर खरंच स्वस्त. कॉलेजच्या टीमचा खर्च मात्र बॉलवर होत नाही. तो प्रवासावर होतो, राहण्यावर होतो, हॉलच्या भाड्यावर होतो आणि माणसांवर होतो. बूट आणि नी-पॅड हा यादीतला शेवटचा खर्च.

महाराष्ट्रात हा पैसा मुख्यतः सगळ्या विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या जिमखाना फीमधून येतो. संघाला किट मिळतं, प्रवास आणि जेवणाचा भत्ता मिळतो. तो पुरतो का, हे ज्यांनी रात्रीच्या पॅसेंजरने आंतरविद्यापीठ स्पर्धेला प्रवास केला आहे त्यांनाच विचारा. उरलेला पैसा घरून येतो.

अमेरिकेत एका टोकाला नेब्रास्का आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकन शहरातल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आले होते. पण ते टोक आहे. बहुतेक विद्यापीठांत मुलींचं व्हॉलीबॉल स्वतःच्या तिकिटांवर चालत नाही. ते फुटबॉलच्या कमाईवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि देणग्यांवर चालतं. म्हणजे वर्षाचा हिशेब जुळेना की कात्री कुठे लागते, हे कोणत्याही अकाउंट्सवालीला सांगायला नको.

शिष्यवृत्तीचं गणित तर नुकतंच बदललं आहे, ते आपल्या घरांनी नीट समजून घ्यावं. एनसीएए या संघटनेच्या पहिल्या गटात पूर्वी मुलींच्या व्हॉलीबॉलला प्रत्येक विद्यापीठात जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्या असत. नियम असा होता की, जिला काहीही मदत दिली ती पूर्ण एक धरायची, त्यामुळे तुकडे करण्यात विद्यापीठाचा फायदा नसे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका मोठ्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघात जास्तीत जास्त १८ मुली, आणि शिष्यवृत्ती कितीही, पण तुकड्यांतही देता येते. त्यामुळे 'स्कॉलरशिप मिळाली' एवढं ऐकून पेढे वाटायचे नाहीत. फी पूर्ण की अर्धी? राहणं-जेवण धरून की सोडून? एका वर्षाची की चार? दुखापत झाली तर? हे सगळं लेखी मागायचं. दुसऱ्या गटाच्या विद्यापीठांत पूर्ण आठ शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम असते आणि ती सर्व संघात वाटली जाते. तिसऱ्या गटात आणि आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. तिथे मदत मिळते ती घरची परिस्थिती आणि, काही ठिकाणी, गुण पाहून. शिवाय विद्यार्थी व्हिसावर कामाची बंधनं असतात. अमेरिकी मैत्रीण जाहिरातीतून पैसे कमावते म्हणून आपलीलाही ते जमेलच असं नाही.

अभ्यास

आता आयांच्या मूळ प्रश्नाकडे. खेळाने अभ्यास बुडतो का?

माझं उत्तर असं: खेळाने अभ्यास बुडत नाही. दोन वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्या मध्ये उभं राहायला कोणी नसतं, तेव्हा अभ्यास बुडतो. स्पर्धा मंगळवारी, प्रॅक्टिकल मंगळवारी. ७५ टक्के हजेरीचा नियम. खेळाचे सर म्हणतात, "पत्र देतो." विभागाचे सर म्हणतात, "पत्र माझ्याकडे आलंच नाही." मधल्या मध्ये एकोणीस वर्षांची मुलगी दोन केबिनमध्ये हेलपाटे घालते आणि तिसऱ्या सेमिस्टरला म्हणते, नको तो खेळ. घरचे म्हणतात, "बघ, आम्ही म्हणत होतो."

अमेरिकेत या धडकेवर नियम घातले आहेत. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास खेळाचे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. (हे तास प्रवास वगळून धरतात, हे लक्षात असू द्या. वीसचे प्रत्यक्षात बरेच जास्त होतात.) तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याआधी ६०, पाचव्याआधी ८०. नाही तर खेळता येत नाही. आणि प्रत्येक संघाला अभ्यासाची प्रगतीपुस्तिका असते: मुलगी शिक्षणात टिकली तर एक गुण, खेळायला पात्र राहिली तर एक गुण. हजारात ९३० च्या खाली घसरलेल्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेला मुकावं लागू शकतं. म्हणजे मुलगी नापास झाली तर प्रशिक्षकाचंही नुकसान होतं. अभ्यासाच्या सल्लागाराला पगार का मिळतो, ते इथे कळतं.

आपल्याकडेही काही दारं उघडली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवीच्या आराखड्यात खेळाला श्रेयांक मिळू शकतात. बोर्डाच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो, मान्यताप्राप्त स्पर्धेतली ठरावीक पातळीची कामगिरी लागते, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून ती पडताळणी कडक झाली आहे. इथल्या शाळेच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र तिथे चालेलच असं धरून चालू नका.

आपल्या मुलींपुढचे तीन रस्ते

पहिला रस्ता, इथेच राहणं. हमरियाहून शारजाच्या विद्यापीठनगरीत जायला गाडीने फार वेळ लागत नाही. तिथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजामध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ आहे. शारजात महिलांच्या खेळासाठी वेगळी संस्था आहे, अरब देशांतल्या महिला क्लबांची स्पर्धा २०१२ पासून इथेच भरते आणि व्हॉलीबॉल तिचा जुना खेळ आहे. चांगले हॉल आहेत, महिला प्रशिक्षक आहेत. अडचण फीची आहे. पण मुलगी घरी राहते, आणि अविवाहित मुलीचा व्हिसा वडिलांच्या नावावर वयाच्या अटीशिवाय चालू राहतो. मुलाला पंचविशीची मर्यादा आहे, मुलीला नाही. या एका बाबतीत तरी लेकीचं पारडं जड!

दुसरा रस्ता, महाराष्ट्र. आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी तंत्रशिक्षणात वेगळ्या जागा असतात. एआयसीटीईच्या मान्यतेने ज्या १५ टक्के जादा जागा परदेशी आणि ओसीआय विद्यार्थ्यांबरोबर आपल्या मुलांना मिळतात, त्यांतल्या एक तृतीयांश आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी राखीव आहेत. एनआयटीसारख्या संस्थांत 'दासा' योजनेखाली आपल्या मुलांना ट्यूशन फीही तिथल्या विद्यार्थ्यांइतकीच पडते. एनआरआय कोट्याच्या फीला घाबरून बसण्याआधी ही चौकशी करा. खेळाचं म्हणाल तर महाविद्यालय ते विद्यापीठ, विद्यापीठ ते पश्चिम विभाग, आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ अशी शिडी आहे. 'खेलो इंडिया'चे विद्यापीठ खेळही आहेत. मुलींसाठी पुढे व्यावसायिक लीग मात्र मोठी नाही. २०२२ मध्ये सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची आहे. त्यामुळे खेळाचं फळ तिथे नोकरीच्या रूपाने येतं, आणि तेही मोजक्यांना.

तिसरा रस्ता अमेरिका. तो वाटतो त्याहून लवकर सुरू होतो. पहिल्या गटासाठी १६ मूळ विषय आणि किमान २.३ सरासरी लागते, आणि त्यात नववीपासूनचे गुण धरतात. बारावीनंतर 'आता बघू' म्हणून चालत नाही. मुलगी शिकायला बाहेर गेली की इथला निवासी व्हिसा सहा महिन्यांच्या गैरहजेरीने जाऊ शकतो. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण कागद वेळेत द्यावे लागतात.

कोणता रस्ता बरा, हे मी सांगणार नाही. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा. पण तिन्ही ठिकाणी हेच चार प्रश्न विचारा, आणि मुलीलाच विचारायला लावा. टीमवर पगारी माणसं किती? प्रवासाचा आणि दुखापतीचा खर्च कोणाचा? स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या तर सही कोणाची? आणि गेल्या चार वर्षांत संघात आलेल्या मुलींपैकी किती जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या? शेवटच्या प्रश्नाला जे प्रशिक्षक थेट उत्तर देतील, त्यांच्याकडे मुलगी पाठवायला हरकत नाही. 'आमच्याकडे कप आहेत' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.

पगार नसलेली माणसं

एक गोष्ट उरली. ज्या टीमच्या पगारपत्रकात माणसं नसतात तिथेही ती कामं होतातच. कोणीतरी करतंच. आपल्या घरांत ती आई करते. मुलीला सरावाला सोडणं, तिथे गाडीत बसून राहणं, परतताना डबा, रात्री नी-पॅड धुणं, शाळेला मेल, मॅडमना फोन, बाबांची समजूत. यजमान बारा तासांच्या शिफ्टवर असतात, त्यांचा दोष नाही. पण मॅनेजर, ड्रायव्हर, फिजिओ आणि अभ्यासाची सल्लागार ही चारही पदं एकाच बाईकडे, बिनपगारी आणि बिनसुट्टीची. आणि ती दमली, आजारी पडली किंवा तिला नोकरी लागली, की मुलीचा खेळ थांबतो. आपल्या किती मुली दहावीनंतर खेळ सोडतात याची आकडेवारी माझ्याकडे नाही, पण मंडळाच्या क्रीडादिनाला पंधरा वर्षांखालच्या मुलींची रांग आणि त्यावरच्या मुलींची रांग यांची लांबी कोणीही डोळ्यांनी बघावी.

यावर मंडळ काही करू शकतं का? करू शकतं. वर्गणी नव्हे! इथे परवान्याशिवाय देणगी गोळा करणं २०२१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पुन्हा एकदा सगळ्यांनी लक्षात ठेवावं. पण घरांनी मिळून परवाना असलेल्या अकादमीत एकत्र तास घेता येतो, ज्याची त्याची फी ज्याने त्याने भरून. आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि सोडण्या-आणण्याची पाळी चार घरांत वाटलेली. त्या चार पाळ्यांतल्या दोन बाबांनी घ्याव्यात, हीच माझी मागणी. जो माणूस यार्डात चाळीस माणसांचं ड्यूटी रोस्टर लावतो, त्याला चार घरांचं रोस्टर जड जाऊ नये.

आणि मंडळात ज्या ताई-दादा कॉलेजात खेळल्या-खेळलेत, त्यांनी बारावीच्या मुलींना वर्षातून दोनदा बसवून सांगावं: अर्ज कुठे करायचा, पडताळणी कुठे होते, कोणत्या महाविद्यालयात फिजिओ आहे आणि कुठे नुसता फलक आहे. याला पैसा लागत नाही. दिवाळी संपली की जानेवारीत, हवा छान असताना, पहिली बैठक ठेवू. ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यकारिणीला नाव द्या. मुलींना घेऊन या, आणि शिफ्ट बदलून घेता आली तर बाबांनाही.

पुढच्या अंकात पुन्हा गेटच्या आतल्या गोष्टी. तोवर, चकल्या संपवा, आणि लेकीचे बूट एकदा तपासा. तळ गुळगुळीत झाला असेल तर बदलून टाका.